बदललेलं ग्राफिक्स कार्ड तापतंय? पेस्टच्या मागे लागण्याआधी फट मोजा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जुने गेमिंग लॅपटॉप आणि वर्कस्टेशन वापरणारी मुलं भरपूर आहेत. इंजिनिअरिंगला असताना दिवसा कॅड आणि रात्री गेम, असा दुहेरी राबलेला लॅपटॉप काही वर्षांनी ग्राफिक्सच्या बाजूने मान टाकतो. मग कुणी बेंगळुरूच्या एस. पी. रोडवरून, कुणी ऑनलाइन वापरलेलं कार्ड मागवतं. कार्ड बसतं, स्क्रीन येते, ड्रायव्हर चढतो आणि पहिल्याच गेममध्ये तापमान ९० च्या पुढे जातं. त्यानंतर चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलली जाते, मग त्याहून महाग पेस्ट लावली जाते, कूलिंग पॅड येतो आणि शेवटी ‘कार्डच खराब निघालं’ म्हणून विषय मिटतो.

यातली पुष्कळशी कार्डं चांगली असतात. बदललेलं कार्ड तापत असेल तर पहिला संशय कार्डावर किंवा पेस्टवर घेऊ नका, ते हीटसिंकखाली, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाखाली, नीट बसलंय का यावर घ्या. हीटसिंक जुन्या कार्डाच्या मापाने बनलेला असतो. नव्या कार्डावरची वीजपुरवठ्याची एखादी कॉइल अर्धा मिलिमीटर उंच असली तरी हीटसिंक तिच्यावर टेकतो आणि मुख्य चिपपासून उचलला जातो. डोळ्यांना हे दिसत नाही, पण चिपला ते लगेच भोवतं.

कार्ड सुटं आहे की बोर्डावरच आहे

सगळ्या लॅपटॉपमध्ये कार्ड बदलता येत नाही. आज बाजारात मिळणाऱ्या जवळपास सगळ्या गेमिंग लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स चिप मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. सुटं कार्ड म्हणजे एमएक्सएम कार्ड. डेल प्रिसिजन एम६८००, एचपी झेडबुक १७ च्या सुरुवातीच्या पिढ्या, एमएसआय जीटी७२, क्लेव्होचे जाडजूड लॅपटॉप अशा मशीनमध्ये ते मिळतं. त्याची दोन मापं आहेत: ‘ए’ प्रकार ८२ बाय ७० मिलिमीटर आणि ‘बी’ प्रकार ८२ बाय १०५ मिलिमीटर. जीटीएक्स ९८०एम सारखी ताकदीची कार्डं ‘बी’ प्रकारात येतात.

तुम्ही कार्ड नव्हे तर अख्खा मदरबोर्ड बदलला असेल तरीही खालचं जवळपास सगळं लागू पडतं. एकाच मॉडेलच्या दोन बोर्डांवर चिपा वेगळ्या असू शकतात आणि त्यांचे हीटसिंकही वेगळे असतात. त्यामुळे दोन्ही हीटसिंकचे पार्ट नंबर आधी ताडून बघा.

खोलण्याआधी आकडे घ्या

स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवा. एचडब्ल्यूइन्फो आणि जीपीयू-झेड हे तापमान वगैरे आकडे दाखवणारे दोन फुकट प्रोग्रॅम टाका. खोलीचं तापमान लिहून ठेवा. ही गोष्ट कुणी करत नाही, पण आपल्या भागात तिला फार महत्त्व आहे. डिसेंबरच्या संध्याकाळी टिळकवाडीत खोली २४ अंशांवर असते आणि मे महिन्यात अथणीकडे पत्र्याच्या घरात ३८ वर जाते. खोली जितके अंश तापते, साधारण तितकेच अंश चिपचं तापमानही वर चढतं. म्हणून ‘माझं ८५ जातं, मित्राचं ७२ जातं’ या तुलनेला खोलीच्या आकड्याशिवाय अर्थ नाही. खोलीपेक्षा किती वर, ते बघा.

लॅपटॉप टेबलावर ठेवा, चार्जर लावा, दहा मिनिटं काहीही न चालवता थांबा आणि आकडा नोंदवा. मग युनिजिन हेवन ही ग्राफिक्सची चाचणी किंवा तुमचा नेहमीचा गेम वीसेक मिनिटं चालवा. एचडब्ल्यूइन्फोमध्ये नोंद फाइलमध्ये साठवायची सोय आहे, ती चालू ठेवा. फरमार्क हा ताण-चाचणीचा प्रोग्रॅम एवढ्यात नको. तो कार्डाला अमानुष ताण देतो आणि ज्याच्या बसण्यावरच शंका आहे त्या कार्डावर तो चालवायचं कारण नाही.

आता सर्वोच्च आकड्यापेक्षा तापमान कसं चढलं आणि कसं उतरलं ते बारकाईने बघा. निदान बरंचसं इथेच होतं.

गेम सुरू होताच पाच-दहा सेकंदांत ५० वरून ८५-९० वर उडी आणि गेम बंद करताच तितक्याच झपाट्याने खाली, असं असेल तर उष्णता चिपमधून हीटसिंकमध्ये जातच नाहीये. इथे संपर्क खराब आहे, धूळ काढून काही होणार नाही. काही कार्डांवर ‘हॉटस्पॉट’, म्हणजे चिपच्या सर्वात गरम जागेचा, असा वेगळा आकडा दिसतो. तो आणि नेहमीचं तापमान यांत दहा-पंधरा अंशांचा फरक चालतो. पंचवीसच्या वर गेला तर हीटसिंक तिरका बसलाय किंवा पेस्ट एका बाजूला पोचलेली नाही असं समजा.

तापमान हळूहळू, दहा-पंधरा मिनिटं घेत चढत राहिलं आणि गेम बंद केल्यावरही उतरायला वेळ लागला, तर संपर्क ठीक आहे. हीटसिंकपर्यंत आलेली उष्णता बाहेर पडत नाही. पंखा, धूळ, हवेची वाट, यांकडे वळा.

तिसरा प्रकार फसवा असतो. तापमान ७० च्या आसपास, सगळं छान, पण गेम मध्येच अडखळतो, पडद्यावर ठिपके किंवा पट्टे येतात, नाहीतर मशीन एकदम बंद पडतं. इथे मुख्य चिप थंड आहे, पण मेमरीच्या चिपा किंवा वीज पुरवणारे मॉसफेट भाजताहेत. यांचं तापमान बऱ्याच जुन्या कार्डांवर कुठेच दिसत नाही. अशा वेळी लोक ‘तापमान तर नॉर्मल आहे’ म्हणून विंडोज परत टाकत बसतात. या चिपा आणि हीटसिंक यांच्या मधले मऊ थर्मल पॅड तपासा.

जीपीयू-झेडमध्ये ‘परफकॅप रीझन’ नावाची ओळ असते. कार्डाने वेग का कमी केला याचं कारण ती सांगते: उष्णता की वीज. लॅपटॉपची एनव्हिडिया कार्डं बहुधा ८७ ते ९३ च्या दरम्यान स्वतःहून वेग कमी करतात. ही ओळ उष्णतेऐवजी वीज दाखवत असेल तर आधी चार्जर बघा. १०० वॅटचं कार्ड, ४५ वॅटचा प्रोसेसर आणि वर स्क्रीन, डिस्क, पंखे, एवढं सगळं १८० वॅटच्या चार्जरवर काठोकाठ चालतं. तिथे बाजारातला हलका चार्जर लावला की रडारड सुरू.

पंखा फिरतोय, पण पुरेसा फिरतोय का

हा दोष खास बदललेल्या कार्डांचा आहे. पुष्कळ लॅपटॉपमध्ये पंख्याचा वेग मदरबोर्डवरचा एक छोटा कंट्रोलर ठरवतो आणि तो कार्डाकडून तापमान विचारतो. दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपमधून काढलेल्या कार्डाचं उत्तर त्याला कळत नाही. मग पंखा एक तर सतत पूर्ण वेगाने ओरडतो, नाहीतर कार्ड ९० ला पोचलं तरी आपल्या संथ गतीत राहतो.

तपासणी सोपी. गेम चालू असताना एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान आणि पंख्याचे फेरे शेजारीशेजारी बघा. तापमान ३० अंशांनी चढलं आणि फेरे जागचे हलले नाहीत, तर दोष इथे आहे. लॅपटॉपचं बायोस, म्हणजे मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत करून बघा. नाही सुधारलं तर पंखा हाताने ठरवता येतो का ते बघा. काही डेल मशीनवर एचडब्ल्यूइन्फोमधूनच जमतं, इतर अनेकांसाठी ‘नोटबुक फॅनकंट्रोल’ आहे. कार्डाचं स्वतःचं बायोस बदलायचा मोह मात्र आवरा. चुकीची फाइल चढली तर कार्ड स्क्रीनच देत नाही. ते करायचंच असेल तर आधी जीपीयू-झेडमधून आहे त्याची प्रत काढून दुसऱ्या मशीनवर ठेवा.

धूळ, आणि आपल्याकडची धूळ

पंखा आणि जाळी यांच्या मधोमध धुळीची घट्ट चादर तयार होते. बाहेरून फुंकर मारून ती निघत नाही, फाटून आणखी आत अडकते. पंखा सोडवून ती चिमट्याने उचलायला लागते. बेळगाव-खानापूरकडची तांबडी माती मैद्यासारखी बारीक असते. निपाणीत तंबाखूच्या वखारींच्या आसपास राहणाऱ्यांच्या लॅपटॉपमध्ये तपकिरी, चिकट भुकटी निघते, आणि चिकोडी-रायबागकडे ऊस तोडल्यावर पाचट पेटवतात त्या दिवसांत काजळीचे काळे तंतू. चिकट धूळ कोरड्या ब्रशने जात नाही, आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओला केलेला मऊ ब्रश लागतो.

एक कळकळीची विनंती: उद्यमबागेत किंवा पंक्चरच्या दुकानात कॉम्प्रेसरची हवा मारून घेऊ नका. त्या हवेत पाणी आणि तेल असतं, दाबही भयंकर असतो. घरगुती ब्लोअर चालेल, पण पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. मोकळा सोडलेला पंखा ब्लोअरच्या हवेने प्रमाणाबाहेर फिरतो आणि त्याचं बेअरिंग जातं.

आता खोला

चार्जर काढा, बॅटरी सोडवा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा. हात धातूला लावून घ्या. स्क्रूच्या जागा कागदावर काढून तिथेच स्क्रू चिकटवा, कारण लांब स्क्रू आखूड जागी गेला की बोर्डला भोक पडतं. हीटसिंकच्या स्क्रूजवळ १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. काढताना उलट्या क्रमाने, प्रत्येक स्क्रू थोडा थोडा ढिला करत जा. हीटसिंक चिकटला असेल तर ओढू नका, किंचित डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. हीटसिंकच्या तांब्याच्या नळ्यांना हाताने बाक देऊ नका. आत अगदी थोडं पाणी कमी दाबात असतं, ते वाफ होऊन उष्णता पुढे नेतं. नळी दबली की ती वाट बंद.

हीटसिंक निघाला की पुसायची घाई करू नका. आधी मोबाइलवर फोटो काढा. पेस्टचा ठसा काय सांगतो ते वाचा. चिपवर सगळीकडे पातळ, अर्धपारदर्शक थर असेल तर संपर्क बरा होता. मधोमध जाड लगदा असेल तर हीटसिंक कुठेतरी अडला होता. एका कोपऱ्यात जवळपास कोरडं आणि समोरच्या कोपऱ्यात जाड असेल तर तो तिरका बसला होता.

पॅडचे ठसेही असेच बघा. नीट दाबल्या गेलेल्या पॅडवर मेमरी चिपचा चौकोन चारही कडांनी उमटतो, उजेडात तिरका धरला तर कधीकधी चिपवरची अक्षरंसुद्धा उलटी दिसतात. ज्या पॅडवर काहीच उमटलं नाही तो नुसता शोभेचा होता. आणि एखादा पॅड चपटा होऊन कडेने बाहेर आला असेल तर तोच हीटसिंकला वर उचलत होता.

फट मोजायची कशी

पॅड ०.५, १, १.५, २ मिलिमीटर अशा जाडीत मिळतात. कुठे कोणता हे अंदाजाने ठरवू नका. जुन्या पॅडची जाडीही प्रमाण मानू नका, एक तर तो दबलेला असतो आणि तो जुन्या कार्डासाठी होता.

चिप आणि हीटसिंक अल्कोहोलने स्वच्छ पुसा. त्यासाठी ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल हवं. सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन आणि सुगंध असतो, थिनर प्लॅस्टिक खातं, दोन्ही नकोत. कार्डावर स्वयंपाकघरातली पातळ क्लिंग फिल्म अंथरा. लहान मुलांची खेळायची रंगीत चिकणमाती घ्या आणि वाटाण्याहून लहान गोळ्या करून प्रत्येक मेमरी चिप, मॉसफेट आणि कॉइल यांच्या जागी फिल्मवर ठेवा. मुख्य चिपवर काही ठेवू नका. आता हीटसिंक ठेवून क्रमाने हलकेच पूर्ण आवळा, परत सोडवा. चपट्या झालेल्या गोळीची जाडी म्हणजे त्या जागची फट. व्हर्नियरने मोजा आणि फोटोवर आकडे लिहा. फट ०.८ निघाली तर १ चा मऊ पॅड बरोबर. १.२ निघाली तर १.५ चा, पण खरोखर मऊ. एका कॉइलवर माती जवळजवळ कागदाइतकी पातळ झाली असेल तर अडथळा सापडला. तिथे पॅड लावायचाच नाही.

व्हर्नियर नसेल तर आपल्या भागात ही अडचण नाही. उद्यमबागेत फाउंड्री आणि मशीन शॉपची रांगच आहे, ओळखीच्या फिटरकडे दोन मिनिटांचं काम. तिथे गेलातच तर हीटसिंकचा तळ सपाट आहे का हेही बघून घ्या. ‘मामा, हे जरा सरफेस प्लेटवर बघता का, ब्ल्यू लावून?’ एवढं म्हटलं की पुरे. निळा रंग मध्येच लागला आणि कडांना नाही, तर तळ फुगीर आहे. अगदी किरकोळ असेल तर पेस्ट सांभाळून घेते. जास्त असेल तर घासत बसण्यापेक्षा दुसरा हीटसिंक शोधा, कारण तळाचं तांबं घासलं तर आतल्या नळीपर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

कधीकधी उलटं असतं. मुख्य चिपच जुन्या चिपपेक्षा बुटकी असते आणि हीटसिंक तिच्यापर्यंत पोचत नाही. मग ०.३ किंवा ०.५ मिलिमीटरचा तांब्याचा शिम, म्हणजे पातळ पत्रा, चिपच्या मापाचा कापून, दोन्ही बाजूंना पेस्ट लावून बसवतात. कापताना कडेला उरलेली धारदार बर पॉलिश पेपरने काढा. चिपच्या भोवती बारीक कपॅसिटर असतात, शिम त्यांना टेकला तर शॉर्ट होतं, म्हणून त्यांच्यावर आधी उष्णता सोसणारी, वीज न वाहू देणारी कॅप्टॉन टेप. या उपायाला मी शेवटचाच मानतो. योग्य हीटसिंक मिळत असेल तर तोच घ्या.

कार्डाच्या पाठीमागचा आधारपत्राही तपासा. हीटसिंकचे स्क्रू त्यात बसतात. नवं कार्ड वेगळ्या आधारपत्र्यासह आलं असेल आणि त्याचे खांब उंच असतील, तर स्क्रू पूर्ण आवळूनही दाब येत नाही. जुन्या कार्डाचा पत्रा सोडवून नव्याला लावला की काम होतं. पत्रा गोंदाने चिकटलेला असतो, हेअर ड्रायरने कोमट करून अलगद काढा. अनेक कार्डांवर मागच्या बाजूलाही मेमरी चिपा असतात, तिथे पॅड असेल तर तोही विसरू नका.

मापं वेगवेगळी निघून डोकं फिरत असेल तर थर्मल पुटी वापरा. ती पॅडसारखं काम करते, पण फटीप्रमाणे स्वतः दबते आणि हीटसिंकला उचलत नाही. महाग पडते, पण अनोळखी कार्डासाठी मला ती पॅडपेक्षा जास्त पसंत आहे.

पेस्ट आणि आवळणं

लॅपटॉपची चिप उघडी असते, वर धातूचं झाकण नसतं. त्यामुळे सगळ्या चिपवर पातळ थर पसरून लावा, नुसता मधे ठिपका नको. फार पातळ पेस्ट तापून-थंड होऊन कडेला सरकते आणि दोन महिन्यांत तापमान परत चढतं. थोडी दाट पेस्ट घ्या, किंवा हनीवेलचा पीटीएम७९५० हा शीटच्या रूपातला पदार्थ, जो ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन नीट बसतो. लिक्विड मेटल लॅपटॉपमध्ये नको: त्यातून वीज वाहते आणि ॲल्युमिनियम त्याने खाल्लं जातं.

आवळताना १, २, ३, ४ या क्रमाने प्रत्येकी अर्धा फेरा, असे चार-पाच वळसे. पहिला स्क्रू पूर्ण पिळून मग दुसरा घेतला तर चिपचा कोपरा टवका उडून जाऊ शकतो, आणि मग कार्ड गेलं.

जोडल्यावर

मागचं झाकण लावून, तीच चाचणी, शक्यतो त्याच खोलीत, त्याच वेळेला. झाकण उघडं ठेवून घेतलेला आकडा खरा नाही, कारण हवेची वाट झाकणामुळेच ठरते. पहिल्या मिनिटातली उडी नाहीशी झाली आणि वीस मिनिटांनी आकडा एका जागी स्थिर झाला तर काम झालं. खोलीपेक्षा ४५ ते ५० अंश वर हे जाड गेमिंग लॅपटॉपसाठी समाधानकारक आहे.

अजून पाच-सात अंश कमी हवे असतील तर सेटिंगने मिळतात. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये फ्रेमची कमाल मर्यादा ६० करा. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर १४० फ्रेम काढून नुसती वीज जळते. विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसरची कमाल पातळी १०० ऐवजी ९९ टक्के केली की टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बंद होतो. प्रोसेसर आणि कार्ड यांच्या नळ्या सामाईक असतील तर याचा कार्डालाही फायदा होतो. जीटीएक्स १०६० आणि त्यापुढच्या कार्डांवर एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममध्ये कंट्रोल-एफ दाबून व्होल्टेजचा आलेख उघडतो, तिथे त्याच वेगाला थोडं कमी व्होल्टेज ठरवता येतं. हे सगळं संपर्क दुरुस्त झाल्यावर करायचं. आधी केलं तर दोष झाकला जातो आणि मेमरी भाजत राहते.

खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे राहणाऱ्यांनी पावसाळ्यात लॅपटॉप आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नये. दमट हवेत पंख्याच्या जोडावर आणि एमएक्सएमच्या सोनेरी दातांवर ओल धरते. रोज थोडा वेळ चालवला तरी आतली ओल जाते.

कार्ड परत कधी करायचं

संपर्क नीट, फट मोजलेली, पंखा जोरात, चार्जर बरोबर, आणि तरीही गेम न चालवता तापमान ७० च्या वर बसत असेल किंवा थंड असताना, अगदी बायोसच्या पडद्यावरही पट्टे येत असतील, तर मात्र कार्ड सदोष आहे. चिपच्या कडेला वाळलेला, तपकिरी चिकट फ्लक्स (सोल्डरिंगला वापरतात तो पदार्थ) दिसला तर ते भट्टीत किंवा हॉट एअरने तापवून तात्पुरतं जिवंत केलेलं आहे. ते काही महिन्यांत परत जातं. विक्रेत्याला फोन करताना ‘गरम होतंय’ एवढंच सांगू नका. हीटसिंक काढल्यानंतरचे पेस्ट आणि पॅडचे फोटो, चिपच्या कडांचा जवळून काढलेला फोटो, एचडब्ल्यूइन्फोची नोंद आणि खोलीचं तापमान पाठवा, आणि परतीची मुदत संपायच्या आत पाठवा.